पवित्र शास्त्र आणि मानवी अंतःकरण : अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनचे चरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या थोर संताचे चरित्र असावे अशी वाचकांची अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु ज्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत, त्याची गणना संतांत झालेली नाही. आपल्या धर्मपंचांगात त्याचा सण नाही, आणि स्नानसंस्काराच्या वेळी एखाद्या लेकराला त्याचे नाव ठेवलेले आम्ही तरी ऐकिले नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या मरणानंतर सुमारे तीनशे वर्षांनी एका विश्वव्यापी धर्मपरिषदेने त्याच्या नावाचा जाहीर निषेध केला. असे असूनही, पवित्र शास्त्र नुसत्या डोळ्यांनी न वाचता अंतःकरणात कसे वाचावे, हे पुढे ज्यांनी ज्यांनी ख्रिस्तसभेला शिकविले ते बहुतेक सारे ह्याच एका पुरुषाच्या विहिरीवर पाणी भरून गेलेले आहेत. त्याचे नाव ओरिजेन.

मिस्साच्या वेळी जुन्या करारातील वाचन चालू असता पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो. मिसर देशाचा तो फारो, ते अरण्य, कनानी राजांच्या त्या लढाया, ह्यांचा आमच्याशी काय संबंध? हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्या लोकांवर जे गुदरले ते आम्ही का ऐकावे? हा प्रश्न आजचा नव्हे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एका मनुष्याने त्याचे उत्तर मोठ्या सोप्या रीतीने दिले होते: जुन्या कराराचा देव निराळा व कठोर, आणि येशू ख्रिस्ताचा पिता निराळा व दयाळू, तेव्हा जुना करार फेकून द्यावा. दुसरे उत्तर व्हॅलेंटिनसच्या अनुयायांचे होते. त्यांच्या मते शास्त्र हे केवळ एक कोडे असून त्यातील गुप्त ज्ञान निवडक लोकांसाठीच होते, आणि देह, रक्त, जन्म, मरण ह्या गोष्टी हलक्या होत्या. ह्या दोन वाटांच्या मधून ओरिजेनला आपली वाट काढावयाची होती.

त्याचा जन्म सन 185 च्या सुमारास मिसर देशातील अलेक्झांड्रिया ह्या नगरात झाला. रोमन साम्राज्यातील हे मोठे बंदर असून तेथील भाषा व विद्या ग्रीक होती. लिओनिडस हे त्याच्या पित्याचे नाव. सात मुलांत हा थोरला. पिता धर्मनिष्ठ व सुशिक्षित होता. शाळेतील अभ्यासाला हात लावण्यापूर्वी मुलाने शास्त्रातील काही भाग रोज तोंडपाठ करून म्हणून दाखविला पाहिजे असा त्याने घरी नेम घातला होता. मुलगा पाठ करी, परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नसे. ह्या वचनाच्या आत काय आहे, असे तो पुनःपुन्हा विचारी. पिता वरवर दटावी, की तुझ्या वयाला झेपेल तेवढेच विचार. मात्र मनातून परमेश्वराचे आभार मानी. मुलगा झोपला म्हणजे हळूच त्याच्या छातीवरील वस्त्र बाजूस सारून, येथे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे अशा भावनेने तो त्या छातीचे चुंबन घेई, असे ख्रिस्तसभेचा पहिला इतिहासकार युसेबियस ह्याने लिहून ठेविले आहे.

सन 202 मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस ह्याच्या कारकीर्दीत छळ सुरू झाला व लिओनिडस पकडला गेला. ओरिजेन तेव्हा सतरा वर्षांचाही पुरता नव्हता. आपणही जाऊन रक्तसाक्षी व्हावे अशी त्याला तळमळ लागली. मातेने पुष्कळ विनवण्या केल्या; शेवटी तिने एक साधी युक्ती केली. तिने त्याचे सर्व कपडे लपवून ठेविले! घराबाहेर पडणे अशक्य झाले तेव्हा त्याने तुरुंगात पित्याला पत्र धाडिले, की आमच्यासाठी म्हणून आपला निश्चय बदलू नये. पित्याचा शिरच्छेद झाला, घरदार सरकारजमा झाले, आणि विधवा माता व सहा धाकटी भावंडे ह्यांचा भार ह्या मुलावर पडला. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते की शास्त्राचा गूढार्थ शोधणारे लोक सुखवस्तू व घरबसे असतात. ओरिजेनच्या बाबतीत तरी तसे नव्हते.

उदरनिर्वाहासाठी त्याने ग्रीक व्याकरण शिकविण्यास आरंभ केला. इकडे छळामुळे ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देणारे शिक्षक नगर सोडून गेले होते, आणि स्नानसंस्काराची इच्छा धरणारे लोक ह्या तरुणाकडे येऊ लागले. बिशप डेमेट्रियस ह्याने अवघ्या अठराव्या वर्षी ते काम त्याच्या हाती सोपविले. त्याच्या शिष्यांपैकी कित्येक रक्तसाक्षी झाले. हेराइस नावाची एक स्त्री तर स्नानसंस्काराची वाट पाहत असतानाच अग्नीत गेली. गुरू त्यांच्यासोबत तुरुंगात जाई, वधस्तंभापर्यंत जाई, आणि सर्वांदेखत त्यांना निरोपाचे चुंबन देई. आपली ग्रीक ग्रंथांची पोथ्यांची पोथ्या त्याने विकून टाकिली व त्याच्या बदल्यात रोजचे चार ओबोल एवढ्या अल्प वेतनावर तो राहू लागला. अनवाणी चालणे, जमिनीवर निजणे, आणि रात्रीचा बहुतेक भाग शास्त्राच्या चिंतनात घालविणे हा त्याचा क्रम होता.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. स्वर्गाच्या राज्यासाठी देहाचा त्याग करणाऱ्यांविषयी मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूचे एक वचन आहे. त्याचा अक्षरशः अर्थ घेऊन तरुण ओरिजेनने स्वतःच्या देहाला कायमची इजा करून घेतली, असे युसेबियस लिहितो. काही आधुनिक विद्वानांना हे खरे वाटत नाही. ते कसेही असो. पुढे उतारवयात ह्याच वचनावर भाष्य करताना, त्याचा असा देहाला लागू केलेला अर्थ त्याने स्पष्ट शब्दांत चुकीचा ठरविला आहे. अक्षराला अक्षर म्हणून कवटाळल्याने मनुष्य कसा घायाळ होतो, हे त्याच्या लेखणीने ज्या कळकळीने सांगितले आहे ती कळकळ नुसत्या पुस्तकी ज्ञानातून येत नाही, असे आम्हांस वाटते.

त्याच्या आयुष्याला वळण देणारा मनुष्य म्हणजे अँब्रोस नावाचा एक श्रीमंत गृहस्थ. हा व्हॅलेंटिनसच्या पंथात गुरफटलेला होता. ओरिजेनच्या शिकवणीने तो खऱ्या श्रद्धेकडे वळला. मग त्याने आपल्या गुरूला गप्प बसू दिले नाही. पाळीपाळीने लिहून घेणारे सातांहून अधिक लघुलेखक, तितकेच नकलनवीस, आणि सुंदर अक्षर काढणाऱ्या मुली, असा सगळा लवाजमा त्याने स्वखर्चाने उभा केला. योहानच्या शुभवर्तमानावरील प्रचंड भाष्य अशा रीतीने सुरू झाले. ह्याच काळात ओरिजेनने तत्त्वांविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला व त्याच्या चौथ्या भागात शास्त्र कसे वाचावे ह्याची रीत सांगितली. जसे मनुष्याला शरीर, प्राण व आत्मा आहेत, तसेच शास्त्रालाही आहेत: शब्दांनी सांगितलेली घटना हे त्याचे शरीर; तिच्यापासून आपल्या आचरणाला मिळणारा बोध हा त्याचा प्राण; आणि ख्रिस्ताचे जे रहस्य तीत दडलेले आहे तो त्याचा आत्मा. सूर्य निर्माण होण्यापूर्वी संध्याकाळ व सकाळ कशी झाली? सैतानाने प्रभूला एका डोंगरावरून जगातील सर्व राज्ये दाखविली, तर असा डोंगर कोठे आहे? अशी स्थळे पवित्र आत्म्यानेच वाटेत ठेवलेले अडथळे होत, म्हणजे वाचकाने ठेचकाळून थांबावे व आत पाहावे, असे तो म्हणतो. मात्र लगेच तो हेही बजावतो, की शास्त्रात ज्या गोष्टी खरोखर घडल्या त्यांची संख्या ह्यांहून कितीतरी मोठी आहे.

हे शेवटचे वाक्य त्याचे विरोधक विसरले, व त्याचे काही चाहतेही विसरले. अलीकडे असे सांगणारेही निघाले आहेत की, शास्त्रातील सर्व व्यक्ती म्हणजे मनुष्याच्या मनाच्या निरनिराळ्या अवस्था, आणि ख्रिस्त म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपलीच कल्पनाशक्ती. ओरिजेनला हे ऐकून नवल वाटले नसते. व्हॅलेंटिनसच्या शिष्यांकडून असले बरेच काही त्याने ऐकिले होते. त्याने मात्र इब्री भाषा जाणणाऱ्यांच्या मदतीने जुन्या कराराचे सहा स्तंभांचे पुस्तक सिद्ध केले: पहिल्यात मूळ इब्री, दुसऱ्यात तेच ग्रीक अक्षरांत, आणि पुढील चारांत चार ग्रीक भाषांतरे, शब्दासमोर शब्द. हेक्साप्ला नावाच्या ह्या कामाला अनेक वर्षे लागली. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. योहान जेथे स्नानसंस्कार देत असे त्या गावाचे नाव पोथ्यांत बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याने पॅलेस्टाईनमध्ये येशू व त्याचे शिष्य ह्यांच्या पाऊलखुणा शोधीत प्रत्यक्ष प्रवास केला. जो शास्त्राला केवळ मनाचा खेळ समजतो तो यार्देन नदीच्या काठी गावांची नावे विचारीत हिंडत नाही.

त्याची कीर्ती दूरवर पसरली. सम्राटाची माता मामेया हिने त्याला अँटिओक येथे बोलावून त्याचे विचार ऐकून घेतले. परंतु स्वगृही त्याचे नशीब फिरले. सन 230 च्या सुमारास ग्रीस देशाकडे जात असता सिझेरिया येथे तेथील बिशप थिओक्टिस्टस व यरुशलेमचा बिशप अलेक्झांडर ह्यांनी त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. आपल्या परवानगीवाचून हे झाले म्हणून डेमेट्रियस संतापला. धर्मसभा भरल्या; ओरिजेनला अलेक्झांड्रियातून घालवून देण्यात आले व त्याची दीक्षाही अमान्य ठरविण्यात आली. बिशपाची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही, कारण शिस्तीवाचून ख्रिस्तसभा चालत नाही. तथापि ह्या प्रकरणात मत्सराचाही वाटा होता असे युसेबियस सुचवितो, व तेच खरे असावे. ओरिजेनने वेगळा पंथ काढिला नाही. तो सिझेरियाला गेला, तेथील बिशपांनी त्याला धर्मगुरू म्हणूनच वागविले, आणि तेथेच त्याच्या आयुष्यातील उत्तम फळ पक्व झाले.

आतापर्यंत तो पंडितांशी बोलत होता. आता सामान्य भाविकांपुढे उभा राहून तो जवळजवळ रोज प्रवचन करू लागला. वयाची साठी उलटेपर्यंत त्याने ही प्रवचने कोणाला लिहून घेऊ दिली नाहीत. जी उरली आहेत ती सुमारे दोनशे असून बहुतेक लॅटिन भाषांतरात आहेत. त्यांतून त्याची श्रोतेमंडळी आपल्याला दिसते, आणि ती आपल्याला अनोळखी वाटत नाही! वाचन संपताच काही जण निघून जात. काही जण देवळाच्या दूरच्या कोपऱ्यात जगाच्या गोष्टी बोलत बसत. एकदा तो त्यांना म्हणाला, की ख्रिस्तशरीर स्वीकारताना त्याचा कणही खाली पडू नये म्हणून तुम्ही किती जपता, आणि ते योग्यच आहे. मग ख्रिस्ताचा शब्द निष्काळजीपणाने खाली सांडू देणे हा लहान अपराध कसा?

अशा लोकांना त्याने अब्राहामाच्या व इसहाकाच्या विहिरी दाखविल्या. उत्पत्तीच्या पुस्तकात पलिष्टी लोक ह्या विहिरी मातीने बुजवितात व इसहाक त्या पुन्हा खणतो. ओरिजेन म्हणतो, की अशी एक विहीर प्रत्येकाच्या अंतरात आहे. खाली जिवंत पाण्याचा झरा आहे. वर माती आहे. सृष्टीच्या आरंभी देवपुत्राने आपल्या आत्म्यावर देवाची प्रतिमा रंगविली. आपण तिच्यावर लोभाचे, क्रोधाचे, गर्वाचे रंग चढविले. ती प्रतिमा झाकली जाते, पण पुसली जात नाही. ज्यांनी आपल्या वाडीतील बुजलेली विहीर कधी उपसली असेल त्यांना ठाऊक आहे, की पाणी बाहेरून आणून ओतावे लागत नाही. माती तेवढी काढावी लागते. म्हणून ओरिजेन रिबकेचा दाखला देतो. ती रोज विहिरीवर येत असे, म्हणूनच अब्राहामाच्या चाकराला ती तेथे सापडली व इसहाकाची वधू झाली. वर्षातून एकदा सणाला विहिरीवर येणारीला हा लाभ झाला नसता, हे आमचे पदरचे वाक्य.

इस्राएल लोकांच्या प्रवासावरील त्याचे प्रवचन तर विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गणनेच्या पुस्तकाच्या तेहेतिसाव्या अध्यायात मिसर देशातून निघाल्यावर त्यांनी जेथे जेथे तळ दिला त्या ठिकाणांची नुसती यादी आहे. वाचणारा कंटाळतो, ऐकणारा जांभई देतो. ओरिजेनने मात्र त्या यादीतून मनुष्याच्या अंतर्यात्रेचा नकाशा काढिला. मुक्काम बेचाळीस, मत्तयच्या वंशावळीत ख्रिस्तापर्यंतच्या पिढ्याही बेचाळीस. जितक्या पायऱ्या प्रभू आपल्यापर्यंत खाली उतरला, तितक्या आपल्याला त्याच्याकडे चढावयाच्या आहेत. प्रत्येक ठिकाणाच्या इब्री नावाचा अर्थ लावीत तो पुढे जातो. मारा येथे पाणी कडू लागते. तेथेच बसून राहणाऱ्याला एलीमचे बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे दिसत नाहीत. सावली मिळाली म्हणून तेथे कायमचे घर मात्र बांधावयाचे नाही. सर्वच नावांचे अर्थ त्याला बरोबर साधले आहेत असे नाही. काही ठिकाणी त्याने शब्द फारच ताणले आहेत, व ह्या बाबतीत त्याचे अनुकरण करू नये. परंतु मुक्कामावर मुक्काम करीत चालणारा जीव आपला आहे, हे ओळखल्यावर ती यादी पुन्हा पहिल्यासारखी कोरडी राहत नाही.

यहोशवाच्या लढायांसंबंधी तो अधिक गंभीर होतो. ग्रीक भाषेत यहोशवा व येशू ही नावे एकच आहेत. म्हणून यरीहोचे तट पाडणारा सेनापती त्याला प्रभूची छाया वाटतो, आणि ज्या कनानी राजांचा संहार व्हावयाचा ते आपल्याच मनात राज्य करणारे विकार ठरतात. ह्या युद्धांना आतला अर्थ नसता, तर शांती शिकविण्यास आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी ही पुस्तके देवळात वाचण्यासाठी आपल्या हाती कधीच दिली नसती, असा त्याचा अभिप्राय आहे. मार्सियनला हे त्याचे उत्तर होय. शास्त्राचे नाव घेऊन शेजाऱ्यावर तलवार उपसणाऱ्यांना पुढील शतकांत ते कोणी ऐकविले असते, तर किती बरे झाले असते!

गीतरत्नावरील त्याच्या भाष्याचे दहा भाग होते. पहिले पाच अथेन्स येथे झाले, बाकीचे सिझेरियास. त्यातील वधू कोठे ख्रिस्तसभा आहे तर कोठे एकटा जीव. देहाला पाच इंद्रिये आहेत तशी अंतःकरणालाही आहेत, ज्यांनी देवाची गोडी चाखता येते, त्याचा सुगंध येतो, त्याचा स्पर्श होतो, हा विचार त्याने मांडिला. पण हे डोळे मिटून हवे ते चित्र रंगविणे नव्हे. वर येतो तो आपल्या इच्छेने येतो व आपल्या इच्छेने दिसेनासा होतो. आणि असे आपल्या बाबतीत पुष्कळदा घडले आहे, असे तो प्रवचनात एकदाच, ओझरते, सांगून जातो. स्वतःविषयी तो फारसे बोलत नसे. ज्याची आपण वाट पाहतो व जो आपल्या हुकमाने येत नाही, तो आपलीच कल्पना कसा असेल?

त्याच्या एका इब्री गुरूने त्याला सांगितले होते, की शास्त्र हे कुलुपे लावलेल्या पुष्कळ खोल्यांचे घर आहे. प्रत्येक दारापाशी किल्ली ठेवलेली आहे, पण ती त्या दाराची नव्हे. किल्ल्या एकमेकींत मिसळल्या आहेत. म्हणून एका पुस्तकाचा अर्थ दुसऱ्या पुस्तकात शोधावा लागतो. पाँटसचा तरुण ग्रेगरी कायदा शिकावयास निघाला असता सिझेरियात त्याला भेटला व वर्षानुवर्षे तेथेच राहिला. हाच पुढे चमत्कार करणारा संत ग्रेगरी म्हणून प्रसिद्धीस आला. त्याला लिहिलेल्या पत्रात ओरिजेन आणखी एक गोष्ट सांगतो: दार ठोठावणे व शोधणे एवढे पुरे नाही, प्रार्थना केली पाहिजे.

सन 250 मध्ये सम्राट डेसियस ह्याने साम्राज्यभर छळ आरंभिला. पासष्ट वर्षांचा हा वृद्ध पकडला गेला. गळ्यात लोखंडी कडे, अंधारकोठडी, आणि पाय खोड्यात घालून चौथ्या छिद्रापर्यंत ताणलेले, अशा स्थितीत त्याला पुष्कळ दिवस ठेविले. जिवंत जाळण्याचा धाक दाखविला. त्याने श्रद्धा सोडावी एवढाच हेतू असल्यामुळे न्यायाधीशाने त्याला मरू मात्र दिले नाही. तो बधला नाही. डेसियस सन 251 मध्ये लढाईत पडला व ओरिजेनची सुटका झाली, परंतु देह मोडून गेला होता. सन 253 किंवा 254 च्या सुमारास, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी तो मरण पावला. संत जेरोम ह्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याला टायर नगरात पुरले. तुरुंगातच प्राण गेला असता तर तो रक्तसाक्षी म्हणून गणला जाता, आणि कदाचित् पुढील सारा वादही निराळ्या रीतीने झाला असता.

वाद झाला तो असा. आत्मे देहापूर्वी अस्तित्वात होते, आणि शेवटी सर्वच जीव देवाकडे परत येतील, असे काही तर्क त्याने आपल्या ग्रंथांत मांडिले होते. त्याने ते बहुधा विचारार्थ म्हणून मांडिले. त्याच्या मागून आलेल्यांनी त्यांचा सिद्धान्त केला. सम्राट जस्टिनियन ह्याने सन 543 मध्ये त्यांचा निषेध केला, व सन 553 च्या कॉन्स्टँटिनोपल येथील दुसऱ्या परिषदेत पाखंड्यांच्या यादीत त्याचे नाव आले. ही मते ख्रिस्तसभेची नव्हेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु त्यामुळे त्याच्या बहुतेक ग्रीक पोथ्या नाहीशा झाल्या, ही हानीही मोठीच. संत जेरोम पूर्वी त्याचे चाहते होते व पुढे कडवे टीकाकार झाले. तरी त्यांनी व रुफिनसने केलेल्या लॅटिन भाषांतरांमुळेच त्याची प्रवचने वाचली. मिलानच्या संत अँब्रोस ह्यांनी त्याची रीत उचलली, आणि त्यांच्या तोंडून ती ऐकून, जुन्या कराराला हसणाऱ्या तरुण ऑगस्टिनच्या मार्गातील मोठा धोंडा दूर झाला.

बुजलेली विहीर पुन्हा उघडावी तसे त्याचे ग्रंथही अधूनमधून बाहेर येत असतात. सन 1941 मध्ये कैरोजवळ तुरा येथील खाणींत त्याच्या काही लेखांच्या पोथ्या सापडल्या. सन 2012 मध्ये म्युनिक येथील ग्रंथालयातील एका जुन्या ग्रीक पोथीत स्तोत्रांवरील त्याची एकोणतीस प्रवचने ओळखली गेली. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी सन 2007 मध्ये आपल्या दोन सार्वजनिक भेटींतील प्रवचने ओरिजेनला दिली, व त्याच्यापासून शास्त्राचे प्रार्थनापूर्वक वाचन शिकावे असे श्रोत्यांस सुचविले.

ख्रिस्तराजाच्या सणाच्या दिवशी धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथात जे दुसरे वाचन येते ते ओरिजेनच्या प्रार्थनेवरील ग्रंथातून घेतलेले आहे. देवाचे राज्य येवो अशी विनंती करणारा मनुष्य ते राज्य आपल्या अंतर्यामी रुजावे, वाढावे व पूर्णत्वास जावे एवढेच मागत असतो, असा त्याचा आशय आहे. त्या ग्रंथातील बहुतेक वाचनांच्या शिरोभागी लेखकाच्या नावामागे संत हा शब्द असतो. येथे तो नाही. तेथे एवढेच छापलेले आहे: ओरिजेन, धर्मगुरू.